शाळेची भीती आणि एलीयाची भाकर

आजचे वाचन : १ राजे १९:१-१८



जूनमध्ये आमच्या मुलीची शाळा बदलली. चौथीपर्यंत ती घराजवळच्या लहान शाळेत होती, पाचवीला हायस्कूलमध्ये घातलं. मोठी इमारत, प्रत्येक विषयाला वेगळे सर-बाई, वर्गात ओळखीचं कोणी नाही. दोन आठवड्यांतच रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सोमवारी जास्त, शनिवारी कमी, आणि रविवारी संडे स्कूलला जाताना अजिबात नाही! डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग मी म्हणायला लागले, "नाटक पुरे. प्रार्थना कर आणि जा. येशू आहे ना तुझ्याबरोबर?"

एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने विचारलं, "मम्मी, मी रोज प्रार्थना करते तरी दुखतं. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी धीर देतेय असं मला वाटत होतं, पण मी तिच्या दप्तरात आणखी एक ओझं भरत होते. आधी तिला फक्त शाळेची भीती होती. आता देव आपल्यावर नाराज आहे, अशीही भीती बसली होती.

त्या आठवड्यात माझ्या वाचनात एलीयाचा हा अध्याय आला. पूर्वी अनेकदा वाचलेला, पण या वेळी मी तो आई म्हणून वाचला.

नुकताच कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला सोडलं, एकटाच रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. याकोब आपल्या पत्रात (५:१७) सांगतो की, एलीया आपल्यासारखाच माणूस होता. म्हणजे भीती वाटणं हा अविश्वासाचा पुरावा नाही. प्रार्थना करणारा माणूसही घाबरतो.

आता देवाने काय केलं ते पाहा.

१. आधी भाकर आणि झोप.
देवदूताने त्याला उपदेश केला नाही. स्पर्श केला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. एलीया जेवला आणि परत झोपला. दुसऱ्यांदाही त्याला तेच मिळालं, आणि पुढची वाट त्याला झेपणारी नाही हे देवदूतानेच मान्य केलं. देवाला ठाऊक आहे की मन आणि शरीर वेगळं नाही. भीती वाटली की छाती धडधडते, पोटात गोळा येतो, मळमळतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे दुखणं खोटं आहे असं नाही. म्हणून आम्ही रात्री लवकर झोपायचं ठरवलं, दप्तर रात्रीच भरायचं ठरवलं. सकाळची आरडाओरड बंद केली. ती बहुतेक माझीच होती.

२. मग प्रश्न, आणि ऐकणं.
होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? देवाला माहीत नव्हतं का? तरी विचारलं. एलीयाने गाऱ्हाणं सांगितलं. मग वारा, भूकंप आणि अग्नी झाल्यावर जो हळुवार आवाज आला, त्यानंतर देवाने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि एलीयाने पुन्हा तेच उत्तर दिलं. देव "किती वेळा तेच तेच सांगशील?" असं म्हणाला नाही. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी कंटाळतो. मीही एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता हळू आवाजात विचारलं, "शाळेत सगळ्यात वाईट वेळ कोणती असते गं?" तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. इंग्रजीच्या तासाला मोठ्याने वाचताना ती अडखळली होती आणि सगळा वर्ग हसला होता. भीती शाळेची नव्हती, त्या तासाची होती.

३. वाट तीच, पण पावलं लहान.
देवाने एलीयाला गुहेत ठेवून घेतलं नाही, काम देऊन परत पाठवलं. मुलाला घरी ठेवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी भीती वाढते. म्हणून शाळा सोडायची नाही, पण मदतीशिवाय ढकलायचंही नाही. मी वर्गशिक्षिकेला भेटले. काही दिवस तिला एकटीला उभं करून वाचायला लावायचं नाही, बाकावर बसून दोन ओळी वाचायच्या, असं ठरलं. घरी आम्ही रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचतो. मात्र कोणी मुलाला मारत असेल, अपमान करत असेल, तर "सहन कर" म्हणू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. तिथे मुलाच्या बाजूने उभं राहणं हेच आपलं काम.

४. सोबती.
चाकराला मागे सोडून एकटा आलेल्या एलीयाला देवाने अलीशा दिला, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण अजून आहेत हेही सांगितलं. तू एकटा नाहीस! आमच्या गल्लीतली सहावीतली एक मुलगी आता हिला हाक मारून सोबत नेते. माझ्या दहा उपदेशांपेक्षा त्या एका हाकेचा जास्त उपयोग झाला.

एक गोष्ट मनापासून सांगते. आठवडेच्या आठवडे मूल शाळेत जात नसेल, जेवत-झोपत नसेल, किंवा एलीयासारखं मरणाचं बोलत असेल, तर फक्त प्रार्थनेवर थांबू नका. बालमानसतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानसच्या १४४१६ वर कधीही मोफत बोलता येतं, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. देवाने एलीयाकडे देवदूताच्या हाती भाकर पाठवली. आपल्याकडे तो डॉक्टरांच्या हातीही पाठवू शकतो.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी उशिरा दिलं. "तुझा विश्वास कमी नाही बाळा. पोटात दुखत असताना तू देवाशी बोलतेस, हाच विश्वास आहे. चूक माझी झाली." ती काही बोलली नाही, फक्त जवळ सरकली. अजूनही काही सोमवारी दुखतं. तेव्हा आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून एक वाक्याची प्रार्थना करतो, आणि ती जाते.

आज स्वतःला विचारू या : माझ्या घाबरलेल्या लेकराला मी आधी काय देते, भाकर की भाषण?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू एलीयाला रागावला नाहीस, यासाठी तुझे आभार. आमच्या मुलांची भीती ऐकून घेण्याचा धीर आम्हांला दे. शाळेच्या वाटेवर त्यांना चांगला सोबती दे, आणि आमच्या आवाजात तुझा हळुवारपणा येऊ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.