आधी वजन, मग धक्का

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. परंतु पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जेथे त्याच्या पाठीचा उतार एकाएकी बदलतो, तेथे दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. आदिलाबादच्या विद्यार्थ्याला कोयना दूरची वाटेल. पण उभा भार आणि आडवा भार एकत्र कसा धरावा, हे शिकण्यास याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही.

त्या भेगेवरचा भाग घेऊ. उंची ३६.५ मीटर, माथ्याची रुंदी १४.८ आणि तळाची सुमारे १९.३ मीटर. धरणाच्या एक मीटर लांबीत या भागाचे वजन साधारण १६४० टन भरते. पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी असल्याने हे वजन तिकडे थोडे कलते. म्हणून केवळ वजनाने त्या पातळीवर पाण्याकडे दर चौरस मीटरला ११३ टन, तर पाठीकडे ५६ टन दाब येतो. भूकंपाच्या वेळी या पातळीच्या वर सुमारे २५ मीटर पाणी होते. त्याच्या रेट्याने पाण्याकडचा दाब ४३ टनांनी घटून ७० उरतो आणि पाठीकडचा ९९ होतो. (भेगांतील पाण्याचा उचल-दाब मी येथे सोडला आहे, हिशेब ढोबळच आहे.)

आता भूकंप. आराखड्यात आडवा धक्का वजनाच्या ०.०५ पट धरला होता. त्याचा वाटा २३ टन, म्हणजे दोन्हीकडे दाब शिल्लकच. प्रत्यक्षात पायाशी प्रवाहाच्या दिशेने नोंदलेले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे होते. तेवढ्याने वाटा २३० टन होतो आणि पाण्याकडे १६०, पाठीकडे १३१ टन ताण येतो. काँक्रीटने तो कदाचित सोसलाही असता. पण माथा पायाइतकाच हलत नाही, पुष्कळ जास्त हलतो. ही वाढ स्थिर गुणकाच्या पद्धतीत दिसतच नाही. अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणात काँक्रीटच्या ताणशक्तीहून बराच अधिक ताण नेमका त्याच पातळीवर आला.

वर आपण तिन्ही भारांचे परिणाम बिनदिक्कत बेरजेत मांडले. रचना रेषीय आहे तोवर हे चालते. भेग पडू देणारे प्रतिमान घेतले की मात्र चालत नाही. समजा, काँक्रीट २५० टन ताण सोसते आणि धक्क्याचा वाटा ३०० टन आहे. धक्का एकटाच लावला तर भेग पडते. आधी ७० टन दाब असेल तर निव्वळ ताण २३० राहतो, भेग पडत नाही. पहिल्या उत्तरात मागाहून ७० मिळवून काय उपयोग? भेग पडली, ताठरपणा घटला, कंपनकाल बदलला. पुढचा सारा हिशेब दुसऱ्याच धरणाचा झाला. म्हणून क्रम असा : प्रथम स्वतःचे वजन, मग पाणी, आणि त्या दबलेल्या अवस्थेतूनच पुढे भूकंपाची नोंद.

वजन लावण्यातही एक चूक हमखास होते. गतिकीय टप्प्यात ते एका क्षणात सोडले तर धरण स्थिर झुकावाच्या दुप्पट खाली दबून वर-खाली हलू लागते, आणि ते हेलकावे भूकंपाचे म्हणून वाचले जातात. वजन स्थिर टप्प्यात हळूहळू चढवावे. भूकंपाच्या टप्प्यात ते काढू नये आणि दुसऱ्यांदा लावूही नये. उंच इमारतीतही हेच. मजले आडवे सरकले की खांबांवरचे वजन त्या सरकण्याला आणखी वाकवते. वजन वेगळ्या गणितात ठेवले तर हा वाढीव वाकणारा भाग हरवतो.

धक्का लावण्यापूर्वी पायावरील उभ्या प्रतिक्रियांची बेरीज करून ती हाताने काढलेल्या वजनाशी ताडून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. जुळली नाही तर पुढचे रंगीत आलेख काढण्यात अर्थ नाही.