आधी काटा कर, मग पाटे बदल

अगं, तुझी कॅरॅव्हॅन घाटात डोलते, शेजारून ट्रेलर गेला की बाजूला ओढली जाते, मागच्या कपाटातून सारखी कुरकुर येते, हे सगळं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच नवे शॉकअप, एक जादा पाटा, रुंद टायर अशी यादीही वाचून दाखवलीस. जरा थांब. एक रुपया खर्च करायच्या आधी गाडी घेऊन घोटीला ये आणि तिचा काटा कर.

आमच्याकडे भाताच्या गिरण्या आणि तांदळाचा व्यापार, त्यामुळे वजनकाटा शोधत फिरावं लागत नाही. येताना गाडी अगदी सहलीला निघाल्यासारखी भरून आण. पाण्याची टाकी, गॅस, गाद्या, भांडी, सायकली सगळं घे आणि माणसंही जागच्या जागी बसव. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घे, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. आकडे आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघ, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, तिच्याशीही. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हौसेनं लोक गाड्या बांधून घेतात, पण बांधून झाल्यावर वजन करून बघणारं मला क्वचितच कुणी भेटतं. प्लायवूड किती जड असतं, ते पावती हातात आल्यावरच कळतं.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ती टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल आणि त्यात दारामागे सायकली टांगलेल्या असतील, तर पुढची चाकं हलकी होतात. मग स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि आपण शॉकअपला दोष देतो. जड सामान खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मधल्या भागात आण. वरच्या कप्प्यात फक्त कपडे. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी वळणावर हेलकावे खातं, म्हणून मुंबईहून पाणी वाहून आणूच नकोस. घाट चढून आलीस की आमच्या घरीच टाकी भर, तुझ्या भाच्याला पाइप धरायला फार आवडतं. पायथ्याच्या बारी गावात मुक्काम टाकून कळसूबाई चढायचं असलं, तरी इथून भरलेलं पाणी पुरतं.

जादा पाट्याचं तर मनातूनच काढून टाक. पाटा घातला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तीच राहते, फक्त गाडी वर उचललेली दिसते आणि खड्ड्यात जास्त आपटते. मापात असूनही वळणावर फार झुकत असेल, तर आधी स्टॅबिलायझर रॉडचे बुश आणि लिंक तपासून घे. शॉकअपमधून तेल गळत असेल, तर मात्र तो बदलायलाच हवा, आणि बदलताना जोडीनं बदल.

हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी बघायची. तापलेल्या टायरमध्ये ती वाढलेलीच दिसते, ती सोडून देऊ नकोस. किती भरायची, ते काट्यावरच्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरव. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अशा गाड्या उभ्या जास्त असतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं. हे सगळं झालं की मग अलाइनमेंट. बाजूला ओढलं जाण्याचं म्हणशील, तर ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत सुरू झाल्यामुळे तुला कसारा घाट टाळता येतो, पण बोगद्यातून बाहेर पडताना आणि उंच पुलांवर वारा आडवा येतो. तिथे वेग आधीच कमी कर. स्टिअरिंग घट्ट आवळून काही होत नाही.

आता आवाजाचं. आपल्याकडचा पाऊस यात फार मदत करतो बघ. सर लागली की कुरकुर गायब आणि चार दिवस उघडीप मिळाली की पुन्हा सुरू, असं होत असेल तर आवाज खालचा आहे, पाट्यांचा किंवा बुशचा. उन्हाळ्यात एकेका जागी पाणी मारून बघ. ज्या जागेवर आवाज थांबतो, तीच जागा. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायला सांगणारे भेटतील, ऐकू नकोस. त्यावर धूळ बसून लगदा होतो आणि रबर फुगतं. रबरी बुशला सिलिकॉनचा फवारा चालतो. ग्रीस फक्त निप्पल असलेल्या पिनांना.

पावसानं काहीच फरक पडत नसेल, तर आवाज आतला आहे. दाजींना हळू चालवायला सांग, तू मागे बस आणि एकेका फळीवर तळहात दाबत जा. दाबल्यावर थांबलं की तिथे खडूनं खूण कर. बहुतेक वेळा प्लायला प्लाय घासत असते किंवा दाराची खिट्टी सैल असते. फेल्टची पट्टी चिकटवली की काम होतं. ताटांच्या मध्ये पंचा घाल आणि शेगडीची जाळी काढून ठेव. स्क्रू आवळताना जोर लावू नकोस, प्लायमधला आटा गेला की तो स्क्रू पुन्हा धरत नाही.

पण ब्रेक दाबताना किंवा गतिरोधकावर ‘खट्’ असा आवाज आला, तर तो घरी शोधत बसायचा नाही. यू-बोल्ट सैल असेल, शॅकलचा बुश गेला असेल. ब्रेकमधून बारीक चिरका आवाज येत असेल, तर पॅड संपत आलेले असू शकतात. दोन्हींसाठी सरळ गॅरेज, आणि तेही घाट उतरायच्या आधी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली दाजींनाही शिरू द्यायचं नाही. शनिवारी ये, सकाळी लवकर. दुपारनंतर काट्यावर मालाच्या ट्रकची रांग लागते.