बालसंगोपन करणाऱ्यांचे सहविचार मंडळ : एक अभ्यास आणि एक प्रस्ताव

निवासी शाळेत शिक्षकाचा तास संपतो, गृहपालाचा संपत नाही. घंटा होते, वर्ग सुटतो, शिक्षक घरी जातात आणि त्यानंतर मुलाचा जो खरा दिवस सुरू होतो तो अधीक्षिका, गृहपाल, स्वयंपाकी, मदतनीस आणि रात्रीचा पहारेकरी यांच्या स्वाधीन असतो. रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी कोण ठेवते, नव्याने दाखल झालेले सहा वर्षांचे मूल अंथरूण ओले करते तेव्हा इतर मुलांच्या नकळत चादर कोण बदलते, हे प्रश्न आपल्या स्मरणिकांतून क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेख या मंडळींविषयी आणि त्यांच्याच कुळातील अंगणवाडी सेविका, मदतनीस व बालवाडी शिक्षिका यांच्याविषयी आहे. दुसऱ्यांची मुले सांभाळणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर काही कायमची व्यवस्था उभारता येईल काय, हा विचाराचा विषय आहे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला एक उणीव नेहमी जाणवते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले, ही नोंद आपण अभिमानाने करतो. त्यानंतरच्या काळात वसतिगृहांनी किती पिढ्या घडविल्या याचे वर्णनही आपल्याकडे विपुल आहे. पण त्या मुलांना पहाटे उठविणारे, त्यांच्या जेवणाची चिंता वाहणारे, सुटीत घरी न जाऊ शकणाऱ्या मुलासोबत थांबणारे हात कोणाचे होते, याविषयी आपली कागदपत्रे बहुधा मौन पाळतात. विद्यार्थ्याचा इतिहास लिहिला गेला. त्याला सांभाळणाऱ्याचा लिहिला गेला नाही. ज्या कामाची नोंद होत नाही त्या कामाचा थकवाही कोणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्रात बालसंगोपनाला व्यवसायाचे रूप आले त्याचे एक मूळ याच कोकणकिनाऱ्याच्या उत्तर टोकाला आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. गावातील बालवाडीत वस्तीवरची मुले येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज सरकारी फलकांवर दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अनुभवातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढले. मुले का येत नव्हती, त्यांना गावाच्या मध्यभागी कोणत्या नजरेने पाहिले जात होते, हा प्रश्न आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या कामाची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. ताराबाई व अनुताई यांनी बालवाड्या काढल्या तशा सेविकाही घडविल्या, आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिकही चालविले. दूरच्या खेड्यात एकटीने बालवाडी चालविणाऱ्या बाईला आपल्यासारखेच काम करणारी माणसे अन्यत्र आहेत, त्यांच्याही अडचणी अशाच आहेत, हे अशा मासिकातून कळत असे. पोस्टाने येणारी ती एक प्रकारची सोबतच होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ग्रामीण भागात साधारण चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, त्याहून लहान वाड्यांसाठी मिनी अंगणवाडी आणि वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर एक मुख्यसेविका अशी तिची रचना आहे. रचना उत्तम आहे, परंतु तिच्यात सर्व वाटा वर जातात. सेविका मुख्यसेविकेला अहवाल देते, मुख्यसेविका प्रकल्प अधिकाऱ्यांना. मासिक बैठकीत वजनांचे तक्ते तपासले जातात, पोषण ट्रॅकरवर माहिती का भरली नाही याची विचारणा होते आणि शेवटची एसटी गाठण्यासाठी सगळ्या निघतात. एका सेविकेने दुसऱ्या सेविकेला ‘तुझ्याकडचे ते बोलत नसलेले मूल आता कसे आहे?’ असे विचारावे, याला त्या बैठकीत जागा नसते. निवासी शाळांच्या गृहपालांना तर अशी बैठकही नसते. ते आपापल्या बेटावर असतात.

येथे संघटनेचा मुद्दा कोणी उपस्थित करील, आणि तो योग्यच आहे. अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत व त्या लढाऊ आहेत. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस यांनी पुकारलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भगिनींना उपदान अधिनियम लागू होतो, असा निर्णय दिला. ‘मानधन’ या शब्दाखाली वेतन दडविण्याच्या प्रथेला त्या निर्णयाने मोठा धक्का बसला. संघटनेला पर्याय नाही आणि तिच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणी करू नये. मंडळात रडून झाले की हक्क मागण्याची गरज उरत नाही, असे कोणा अधिकाऱ्याला वाटत असेल तर तो भ्रम वेळीच दूर करावा. परंतु संपाच्या मंडपात जे बोलता येते त्याहून निराळे असे काही असते. ‘ते मूल माझ्याजवळ आले की मला त्याचा राग येतो, आणि राग येतो याची लाज वाटते,’ हे वाक्य घोषणेत बसत नाही. ते आठ-दहा जणांतच उच्चारता येते.

अशा आठ-दहा जणांच्या बैठकीचे महत्त्व वैद्यकक्षेत्राने ओळखले आहे. हंगेरीत जन्मलेले मानसविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक येथे सामान्य डॉक्टरांचे छोटे गट चालविले. डॉक्टर आपल्याला छळणाऱ्या एखाद्या रुग्णाविषयी सांगे आणि बाकीचे त्या डॉक्टरवर त्या रुग्णाचा काय परिणाम होत आहे याचा विचार करीत. कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, हा त्यातील कळीचा भाग. आज अनेक देशांत बालिंट यांच्या नावाने असे गट चालतात. बौद्ध परंपरेच्या अभ्यासकाला यात फार नवल वाटू नये. वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या पवारणेत प्रत्येक भिक्षू, वयाने व मानाने कितीही मोठा असो, आपल्या वर्तनात काही दोष दिसला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती संघाला स्वतः होऊन करी. घरदार सोडून एकत्र राहणाऱ्या माणसांना अशा रीतीची गरज असते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. निवासी शाळेतील कर्मचारी काही प्रव्रजित नव्हेत, पण वर्षातील बरेच महिने ते घरापासून दूर असतात. त्यांची स्वतःची मुले आजीजवळ वाढत असतात.

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाची तातडी अधिक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेही महामारीच्या टाळेबंदीत. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या गावांतून कौले, पत्रे, माडांच्या नि सुपारीच्या बागा गेल्या. अंगणवाडी सेविका ही त्याच गावची रहिवासी असते. तिच्या घरावरचे छप्पर उडाले म्हणून तिच्याकडील मुलांचा शिधा थांबत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि त्यांतील काहींचे आई-वडील मात्र गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ही गोष्ट त्या मुलांपर्यंत नेण्याचे काम कोणाच्या तरी वाट्याला आले असणार. मंत्री आले, वार्ताहर आले, समुपदेशकही आले. ते सारे गेल्यावर रात्री मुलांजवळ निजायला कोण राहिले असेल, याचा विचार निवासी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा करून पाहावा. त्या माणसाला काय वाटले हे विचारणारे कोणी होते काय?

आणखी एक नित्याचे दुःख आहे, ज्याची बातमी होत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वर्षभर खपून सेविकेने ज्या मुलाचे वजन वाढविलेले असते ते मूल सहा महिन्यांनी पुन्हा हाडे दिसत परत येते. असे पाच-सहा वेळा झाले की माणूस पाटी टाकतो. नोकरी सुटत नाही, पण मन काम सोडते. याला आपण आळस म्हणतो, आणि तसे म्हणणे फार सोयीचे असते.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. मंडळ आठ ते बारा जणांचे असावे. याहून मोठे झाले की भाषणे सुरू होतात. त्यात अंगणवाडी सेविका, मदतनीस, गृहपाल, अधीक्षिका, बालवाडी शिक्षिका आणि निवासी शाळेतील स्वयंपाकी अशी मिश्र मंडळी असावीत. माझा आग्रह असा की, एकाच बीटमधील किंवा एकाच संस्थेतील माणसे एका मंडळात घेऊ नयेत. ज्यांचा साहेब एक, त्यांची जीभ जड. मुरूडकडची मंडळी आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडची मंडळी यांना राजपुरीची खाडी वेगळे करते. रस्त्याने मोठा वळसा पडतो, पण आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने उतरले की भेट सोपी होते. खाडीपलीकडच्या माणसाला आपल्या गावचे राजकारण ठाऊक नसते, आणि हीच त्याची योग्यता.

जागा कार्यालयाची नसावी, देवळाची वा विहाराची नसावी, कोणाच्या घरचीही नसावी. शाळेचा रविवारचा रिकामा वर्ग सर्वांत बरा. या संदर्भात महाडचे उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवते. १९२७ च्या परिषदेच्या संघटकांपैकी एक रामचंद्र बाबाजी मोरे. परिषदेच्या आधी महाडच्या बाजारपेठेत अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले त्यात त्यांचा पुढाकार होता. खेड्यापाड्यांतून बाजाराला येणाऱ्या माणसाला बसायला, पाणी प्यायला जागा नव्हती. ती मिळाली, तेथे बातम्या पोहोचू लागल्या, माणसे एकमेकांना ओळखू लागली. चवदार तळ्याकडे निघालेली पावले सभामंडपातून निघाली हे खरे, पण त्या मंडपापर्यंत माणसे येण्यासाठी आधी कोठेतरी बसलेली होती.

चहाचाच विषय निघाला आहे तर मंडळातील चहा कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवावे आणि पाळीपाळीने करावे. हे क्षुल्लक वाटेल, परंतु सेविका बोलत राहिली आणि मदतनीस भांडी विसळत राहिली तर मंडळ बुडाले म्हणून समजावे. तसेच चर्चेचे नियमन करण्याचे काम दर वेळी वेगळ्या सभासदाकडे जावे. बौद्धवाडीची सेविका, आदिवासी वाडीची मदतनीस, कोळीवाड्यातील शिक्षिका आणि मुख्य गावातील अधीक्षिका एका सतरंजीवर बसतील तेव्हा जात दाराबाहेर राहील असे मानण्याचे कारण नाही. कोणत्या अंगणवाडीत कोणाच्या हातचे शिजलेले मुलांना खाऊ दिले जात नाही, हाही चर्चेचा विषय झाला पाहिजे, आणि तो ज्यांना बोचतो त्यांनी मांडण्याची वाट न पाहता इतरांनी मांडावा.

बैठक दीड-दोन तासांची असावी. एका बैठकीत एक किंवा फार तर दोन प्रसंग घ्यावेत. सांगणाऱ्याने अखंड सांगावे, बाकीच्यांनी प्रथम फक्त प्रश्न विचारावेत. ‘मी असते तर असे केले असते’ हे वाक्य पहिल्या तासात निषिद्ध. मुलाचे नाव, गाव, कुटुंबाची ओळख सांगू नये. भ्रमणध्वनीवरील गटात तर मुलाविषयी एक ओळही किंवा छायाचित्र टाकू नये. तो गट केवळ भेटीची तारीख कळविण्यापुरता ठेवावा.

गोपनीयतेची एक मर्यादा मात्र सर्वांना आरंभीच वाचून दाखवावी, कारण येथे चूक झाली तर मुलाचे आयुष्य पणाला लागते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडला आहे वा घडण्याचा संभव आहे हे ज्याला कळेल त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ अन्वये शिक्षा आहे, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध लपवील तर ती अधिक आहे. सहकाऱ्याविषयीची सहानुभूती, संस्थेची अब्रू, समाजाची बदनामी यांपैकी काहीही येथे आड येऊ देता कामा नये. आपली संस्था, आपली माणसे, म्हणून गप्प बसण्याचा मोह आपल्याही चळवळीला शिवत नाही असे नाही. असा प्रसंग मंडळात निघाला तर बैठक तेथेच थांबवून संबंधिताने पोलीस ठाणे गाठावे व त्याच्यासोबत दोघांनी जावे. मुलाच्या तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सोबत जाणारे दोघे असतील याची खात्री असली म्हणजे माणूस तक्रारीला धजावतो. मंडळाचे याहून मोलाचे दुसरे काम मला दिसत नाही.

खर्चाचा भाग थोडक्यात. प्रवासभाडे हाच मुख्य खर्च. गृहपाल बैठकीला गेला असता त्याच्या जागी कोणीतरी मुलांजवळ असावे लागते, ही त्याहून मोठी अडचण. शाळांच्या व्यवस्थापनांनी महिन्यातून एक रविवार शिक्षकांपैकी एकाला पाळीने वसतिगृहात थांबण्यास सांगितले तर ती सुटते. शिक्षकबंधूंना त्या एका दिवसात गृहपालाच्या कामाविषयी जे कळेल ते कोणत्याही प्रशिक्षणात कळणार नाही. व्यवस्थापनाने बैठकीचा अहवाल मात्र मागू नये. कोण आले, केव्हा आले, एवढीच नोंद पुरे.

आरंभ केव्हा करावा? जुलै लावणीचा आणि वसतिगृहात नव्या मुलांच्या रडण्याचा. ऑगस्टपासून होड्या पुन्हा समुद्रात जातात व कोळीवाड्यातील बायकांना उसंत नसते. भाताची कापणी आटोपल्यावर, दिवाळीची सुटी संपताना आणि कुटुंबे भट्ट्यांकडे निघण्यापूर्वी एक पंधरवडा मोकळा सापडतो. त्या पंधरवड्यातील एखादा रविवार, सकाळी दहाचा सुमार, दिघीच्या बाजूची एखादी शाळा. पहिल्या बैठकीला विषय शोधावा लागणार नाही. यंदा कोणती मुले जाणार आहेत आणि त्यांना निरोप कसा द्यायचा, एवढे विचारले तरी पुरे.