औषध नव्हे, विष : बुरशीनाशक फवारताना घ्यायची काळजी

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक, सांगलीकडच्या द्राक्षबागांत फवारणीची घाई सुरू होते. पाऊस किंवा धुके पडले की केवडा (डाऊनी) येतो, पुढे भुरी येते. मग मालक एकेका आठवड्यात अनेकदा फवारणी घेतो. बाग मालकाची असते, पण पंप पाठीवर घेणारे, नळी धरणारे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेलीखाली विरळणी करणारे हात बरेचदा आपल्या वस्तीतले असतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. शेतात सगळे ‘औषध’ म्हणतात. औषध म्हटले की भीती जाते. आम्ही वस्त्यांत बोलतो तेव्हा आधी हा शब्द बदलायला सांगतो. झाडाला ते औषध असेल, माणसाला ते विषच आहे.

डब्यावरचा रंग काय सांगतो?

प्रत्येक डब्यावर किंवा पुड्यावर एक चौकोन टोकावर उभा काढलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे ओळखता यावे म्हणून रंग दिलेला आहे.

बहुतेक बुरशीनाशकांवर निळा किंवा हिरवा रंग असतो. त्यावरून ‘हे साधे आहे’ असा समज होतो. पण हा रंग विष एकदाच अंगात गेले तर किती घातक, एवढेच सांगतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होईल, ते रंगावरून कळत नाही. मॅन्कोझेब ही नेहमीची पिवळसर पावडर पाहा. तिच्यापासून तयार होणारा एक घटक थायरॉईड ग्रंथीच्या कामात बिघाड करतो. डिसेंबर 2020 मध्ये युरोपीय संघाने मॅन्कोझेबच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले. आपल्याकडे ती अजून वापरात आहे.

दुसरा धोका मिश्रणाचा. मजुरी वाचावी म्हणून एकाच टाकीत बुरशीनाशक आणि कीटकनाशक मिसळतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती मुख्यतः कीटकनाशके होती. डोक्याइतका वाढलेला कापूस, उकाडा, मिसळलेली विषे आणि उघडे अंग, हे सगळे एकत्र आले. म्हणून टाकीत काय काय घातले आहे, हे विचारल्याशिवाय पंप उचलू नये.

विष अंगात कसे जाते?

बहुतेकांना वाटते, वास आला की विष जाते. खरे तर फवारणाऱ्याच्या अंगात ते जास्त करून कातडीतून जाते. पंप गळतो, पाठ आणि कंबर भिजते. जांघ, काख, कपाळ येथील कातडी विष लवकर शोषते. घामाने ओली कातडी आणखी लवकर शोषते.

दुसरी वाट तोंडाची. हात न धुता तंबाखू मळली, विडी ओढली, मशेरी लावली की विष थेट पोटात जाते. तिसरी वाट श्वासाची. पावडर पाण्यात कालवताना उडणारी धूळ फवाऱ्यापेक्षाही घट्ट असते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल तिला अडवत नाही, उलट विष नाकाशी धरून ठेवतो.

काय करावे?

1. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि मास्क. हे मागणे म्हणजे भीक नव्हे. कीटकनाशक नियम, 1971 मध्येच संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. मजुरी ठरवतानाच हे बोलून घ्यावे.
2. पाठीवरच्या पंपात आधी साधे पाणी भरून गळती पाहावी.
3. पावडर काठीने कालवावी, हाताने नाही. तोंडाने फुंकून नोझल साफ करू नये.
4. सकाळी लवकर फवारावे. वारा पाठीकडून यावा असे चालावे. उपाशीपोटी जाऊ नये.
5. बोर्डो मिश्रणासाठी (100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना) प्लास्टिकचे पिंप वापरावे. मोरचूद आणि चुना दोन्ही डोळा जाळतात, तेव्हा चष्मा लावूनच कालवावे.
6. फवारा वाळेपर्यंत कोणीही बागेत शिरू नये, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. डब्यावर जास्त मुदत लिहिली असेल तर तीच पाळावी. गरोदर बाईने फवारणीच्या कामावर जाऊ नये. तान्ह्या बाळाची झोळी वेलीखाली बांधू नये.
7. घरी आल्यावर लेकराला उचलण्याआधी साबणाने अंघोळ. ते कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत. धुणाऱ्या बाईनेही हातमोजे घालावेत.
8. रिकामा डबा पाण्याला, तेलाला, धान्याला वापरू नये. तीनदा खंगाळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, डब्याला भोके पाडावीत.

त्रास झाला तर

डोकेदुखी, मळमळ, उलटी, अंगाला खाज, डोळे चुरचुरणे ही सुरुवात असू शकते. फार घाम, तोंडाला लाळ, बुबुळ बारीक होणे, स्नायू फडफडणे, दम लागणे दिसले तर कीटकनाशकाची बाधा समजावी आणि एक क्षणही थांबू नये.

माणसाला मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली 15 ते 20 मिनिटे डोळे धुवावेत. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. विष किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवावे, तोंडात काही घालू नये. 108 ला फोन करावा. आणि डबा व त्यासोबतचे माहितीपत्रक दवाखान्यात न्यावेच. कोणते विष हे कळले तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा आहे; मॅन्कोझेबला असा खास उतारा नाही. केसपेपरवर ‘फवारणी करताना विषबाधा’ असे लिहून घ्यावे. पुढे मदत मागताना तोच पुरावा ठरतो.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक रिकामा डबा पिशवीत गुंडाळून, हातमोजे घालून आणावा. शिकलेल्या मुलीने त्यावरचा रंग आणि मजकूर सगळ्यांना वाचून दाखवावा. कोणत्या बागेत हातमोजे मिळतात, कोणत्या बागेत मिळत नाहीत, हेही तिथेच मोकळेपणाने बोलावे. एकट्या मजुराने हातमोजे मागितले तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलावत नाहीत. सगळ्या वस्तीने मिळून मागितले, तर बागाईतदाराला ते द्यावे लागतील.