व्रणचिकित्सा आणि जंतुभक्षक विषाणू

माहुलीच्या संगमावरील कृष्णेचे पाणी बाटलीत भरून व्रण धुण्यासाठी आणणारे रुग्ण आम्हांस अधूनमधून भेटतात. नदीच्या पाण्यात जंतू खाणारे विषाणू असतात, असे त्यांनी ऐकलेले असते. हे ऐकीव ज्ञान अगदीच निराधार नाही. आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदविले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, मात्र पाणी उकळल्यास हा गुण जातो. १९१७ मध्ये फेलिक्स द हेरेल यांनी अशा जंतुनाशक विषाणूंस 'बॅक्टेरिओफेज' हे नाव दिले. १९२७ मध्ये त्यांनी पंजाबात पटकीच्या रुग्णांवर ते वापरूनही पाहिले.

फेज जंतूस चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, आत त्याची संख्या वाढते आणि जंतू फुटतो. परंतु प्रत्येक फेजचे भक्ष्य ठरलेले असते. स्टॅफिलोकोकसचा फेज स्यूडोमोनासवर चालत नाही. म्हणून व्रणातील जंतू ओळखल्यावाचून ही चिकित्सा संभवत नाही. शिवाय कच्च्या नदीजलात फेजबरोबर सांडपाण्यातील जंतूही येतात.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. एका मधुमेही शेतकऱ्याच्या पायाचा व्रण आम्ही तीन आठवडे केवळ त्रिफळाक्वाथाने धुतला; पुवाची कल्चर तपासणी केली नाही. पुढे मिरजेत ती झाली, तोवर अंगठा गमवावा लागला होता. सुश्रुतांचे साठ उपक्रम आम्हांस पाठ होते!

औषधालयचालकांनी 'फेजयुक्त' म्हणून कोणतेही जल विकू नये. आठवडाभरात न सुधारणाऱ्या मधुमेही व्रणाचा पू तपासणीस धाडावा. ताप असल्यास रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावा.