वलगणीचे मासे, बावखल आणि खाडी : बोळिंज परिसरासाठी मत्स्य व्यवस्थापनाचे नियोजन

वसई-विरार भागात वाडी आणि मासळी यांची ताटातूट कधीच नव्हती. बोळिंज-आगाशी पट्ट्यातील बागायतदार केळी, पानवेल, भाजी व फुले पिकवितो. जवळच अर्नाळ्याचा मच्छीमार डोल जाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली धरतो. तरीही मासळी कमी झाली की तो प्रश्न कोळी बांधवांचा, असे आपण समजतो. ही समजूत बरोबर नाही. खाडीत वाढणाऱ्या अनेक माशांच्या आयुष्याचा काही काळ आपल्या शेताच्या बांधालगत, ओहळात आणि तिवरांच्या मुळांशी जातो.

मासा, त्याचे अन्न, विणीची जागा, पिलांची वाढ होण्याची जागा आणि त्यावर पोट भरणारी माणसे यांचा एकत्र विचार करून नियम ठरविणे, यालाच परिसंस्थेवर आधारित मत्स्य व्यवस्थापन म्हणतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली जबाबदार मासेमारीची आचारसंहिता दिली आणि २००३ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका काढली. समुद्रापुरते आपल्याकडे नियम आहेत. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मि.मी. आहे. परंतु हे नियम नौकेला लागू होतात. नाल्यातून काय वाहून येते, हे ते पाहत नाहीत. तो भाग आपल्याकडे आहे.

प्रथम वलगणीचा विचार करू. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात ओहळाला पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत व सखल जागी येतात. हे चढणे अंडी घालण्यासाठी असते. नेमक्या त्याच रात्री बत्ती घेऊन आपण ओहळ आडवतो! अंड्यांनी भरलेली चिवणी चवीला उत्तम, हे खरे. पण तिच्याबरोबर पुढील हंगामाचे बियाणेच संपते. बियाण्याचे भात कोणी कांडून खात नाही. वलगण पूर्ण बंद करा असे सांगणे व्यवहार्य नाही व ते कोणी ऐकणारही नाही. मात्र ओहळाची निम्मी रुंदी मोकळी ठेवावी आणि पहिले दोन-तीन दिवस सापळे लावू नयेत, एवढे गावाने एकमताने ठरविता येते. मरळ माशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसतो तेव्हा खाली आई-बाप राखणीला असतात. ते धरले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. जिताडा लहानपणी नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणून सर्वात मोठे जिताडे सतत काढत गेल्यास खाडीत माद्याच उरत नाहीत.

दुसरी बाब औषधांची. सायपरमेथ्रीनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिशय विषारी आहेत. पानवेलीवर वापरले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी) आपल्याला निरुपद्रवी वाटते, पण त्यातील तांबे पाण्यात गेल्यास मासे मरतात. फवारणी पंप बावखलात किंवा ओहळात धुवू नये. धुण्याचे पाणी वाडीतच पडीक जागी ओतावे. भातावर फवारणी केल्यास निदान आठवडाभर बांध फोडून पाणी बाहेर सोडू नये. पाऊस डोक्यावर असताना फवारणे म्हणजे पैसेही वाहून जाणे.

बावखल हा आपल्या भागाचा जुना ठेवा. बांधकामाच्या भरावाखाली अनेक बावखले गेली; जी उरली ती गाळ काढून जपावीत. रोहू, कटला, मृगळ यांची हेक्टरी ५,००० बोटुकली या प्रमाणाने एका गुंठ्याच्या बावखलास ५० बोटुकली पुरतात : कटला २०, रोहू १५, मृगळ १५. सोडण्यापूर्वी गुंठ्याला दोन ते अडीच किलो चुना द्यावा. थाई मांगूर मात्र चुकूनही आणू नये. त्यावर २००० सालापासून देशात बंदी आहे आणि पुराच्या पाण्याबरोबर तो ओहळात गेला की स्थानिक मासे खाऊन टाकतो.

खारबांधाच्या उघाड्यांकडेही लक्ष हवे. भरतीचे खारे पाणी अडविणे हे उघाडीचे मुख्य काम, पण तुटलेली किंवा कचऱ्याने बुजलेली उघाडी शेतालाही नको आणि माशालाही नको. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने बंद केली आहे. बोय, कोळंबी यांची पिले त्याच मुळांच्या आडोशाने वाढतात.

मासळीच्या खताबद्दल एक सूचना. त्यात ४ ते १० टक्के नत्र व ३ ते ९ टक्के स्फुरद असते, नारळाला ते मानवते. परंतु खत घेताना पोते उघडून पाहावे. डोकी, काटे, साफसफाईचा भाग असेल तर चांगले. बोटभर लांबीची कोवळी मासळीच वाळविलेली असेल तर विक्रेत्याला तसे सांगून माल परत करावा. मागणी थांबली की बारीक आसाच्या जाळ्यांचा फायदाही कमी होतो.

नियोजन करताना पाण्याची हद्द धरावी, प्रभागाची नव्हे. एका ओहळाला लागणारे सर्व शेतकरी, खाडीत जाळे टाकणारे आणि बाजारात मासळी विकणाऱ्या भगिनी यांना मे महिन्यात एकत्र बसवावे. या विक्रेत्या भगिनींना बहुधा कोणी बोलवत नाही, पण कोणता मासा कधीपासून येईनासा झाला हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या वर्षी दोनच नियम घ्यावेत. वलगणीचा पहिला दिवस, दिसलेल्या जाती, मासे मेल्याची घटना आणि त्याआधी कोठे फवारणी झाली, एवढी नोंद एका साध्या वहीत ठेवावी. दिवाळीनंतर ती वही सर्वांसमोर वाचून, जो नियम पाळला गेला नाही तो बदलावा किंवा सोडून द्यावा.