दहा हजारांची मर्सिडीज घेण्याआधी

ट्रॉय, मिशिगन

चि. बाळू यास,


तुझा मेसेज आणि तिन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. २०१० ची मर्सिडीज एस ५५०, त्याच सालची बीएमडब्ल्यू ७५०एलआय आणि २००६ ची लेक्सस एलएस ४३०. तिन्ही दहा-बारा हजार डॉलरच्या आतबाहेर. नव्या कॅमरीला लागतात त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत अशी गाडी दारात उभी राहणार म्हटल्यावर कुणालाही मोह पडेल. तुझी हौस मला चांगली समजते. १९९५ च्या सुमारास पुण्यात टेल्कोच्या आवारात ई-क्लास जुळवायला लागले, तेव्हा ती गाडी नुसती बघायला मिळावी म्हणून आम्ही तरुण इंजिनिअर धडपडायचो. म्हणून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण शनिवारी गाडी बघायला जाण्याआधी हे पत्र नीट वाच.

पहिली गोष्ट पैशांची. २०१० ची एस ५५० नवी असताना नव्वद हजार डॉलरच्या आसपास होती. आज तिची किंमत दहावर आली, पण तिचे पार्ट्स आजही नव्वद हजारांच्या गाडीचेच आहेत आणि मेकॅनिकची तासाची मजुरी दर वर्षी वाढते आहे. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार इथे अगदी अक्षरशः घडतो. पहिला मालक बहुधा लीज संपली की गाडी सोडतो. दुसरा वॉरंटी संपेपर्यंत नियमाने सर्व्हिस करतो. तिसऱ्या-चौथ्याकडे गाडी पोचते तेव्हा ती स्वस्त झालेली असते, आणि तो स्वस्तात मिळाली म्हणूनच घेतो. खर्चाची कामं पुढे ढकलली जातात ती इथेच. तू पाचवा. तेव्हा तुझ्याकडे बारा हजार असतील तर गाडी आठची बघ आणि उरलेले चार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. ते ठेवता येत नसतील तर यंदा कॅमरीच घे. हे मी अगदी मनापासून सांगतो आहे.

आता कागद. जाहिरातीतला व्हीआयएन नंबर मागून घे, सतरा अक्षरांचा असतो. विकणारा तो द्यायला कुरकुर करत असेल तर पुढे बोलूच नकोस. हा नंबर डॅशबोर्डवर काचेतून दिसतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, असतो. तिन्ही ठिकाणी तोच आहे ना, ते स्वतः वाचून बघ. मग एनएचटीएसए या सरकारी खात्याच्या साइटवर तो टाक. कुठलं रिकॉल बाकी आहे ते फुकट कळतं आणि रिकॉलचं काम डीलर बहुधा फुकट करून देतो. याला कमी लेखू नकोस. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं बिघडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडायचे. त्यात माणसं मेली. मे २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००० ते २००६ च्या ३ सीरिजच्या आणि त्याच काळातल्या काही ५ सीरिज आणि एक्स५ च्या मालकांना, एअरबॅग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, असं कळवलं. वीस वर्षं जुन्या गाड्या, आणि तरी हजारोंचं काम राहून गेलेलं.

कारफॅक्सचा, म्हणजे गाडीच्या आधीच्या इतिहासाचा, रिपोर्ट घे, पण तो स्वच्छ आहे म्हणजे गाडी स्वच्छ आहे असं धरू नकोस. विम्याकडे किंवा पोलिसांकडे न गेलेला अपघात त्यात येतच नाही. मैलांच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलसाठी ओडोमीटरचा आकडा वीस वर्षं लिहून देण्याचं फेडरल बंधन आहे. त्याआधीच्या गाड्यांना ते दहा वर्षांपुरतंच होतं. म्हणजे तू पाठवलेल्या तिन्ही गाड्या त्यातून सुटल्या. विकणारा फॉर्मवर 'एक्झेम्प्ट' लिहून मोकळा होऊ शकतो. मैल खरे आहेत का हे तुला सर्व्हिसच्या पावत्यांवरूनच पडताळावं लागेल, कारण प्रत्येक पावतीवर त्या दिवशीचे मैल छापलेले असतात. ते तारखेप्रमाणे वाढत गेले आहेत का ते बघ. पावत्यांची फाइल जपून ठेवणारा मालक भेटला तर त्याला हजार डॉलर जास्त दे. मी देईन.

मैल कमी म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. इतक्या वर्षांत पन्नास हजार मैल म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभी होती. रबरी होज, सील, बुशिंग उभ्या गाडीतही वाळतात. टायरच्या अंगावर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ते जुने निघाले तर बाकीच्या गाडीकडेही कुणी बघितलेलं नाही असं समज.

टायटलवर 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' लिहिलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून दे. पण पाण्यात बुडालेल्या गाड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन स्वच्छ टायटल काढून घेणारे लोकही आहेत. तुमच्या न्यू जर्सीने ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा ही वादळं बघितली. ह्यूस्टनमध्ये २०१७ साली हार्वेने अगणित गाड्या बुडवल्या, आणि त्या सगळ्या भंगारात गेल्या असं नाही. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते. सीट पुढे सारून रुळांचे बोल्ट बघ. डिकीतला गालिचा उचलून स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात हात घाल. दारं बंद करून पाच मिनिटं आत बस आणि वास घे. एअर फ्रेशनरचा वास फारच दरवळत असेल तर तीही शंकेची जागा. जर्मन गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल आणि त्यांचे जोड पुष्कळदा पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डिकीत असतात. सनरूफच्या नळ्या तुंबून नुसतं पावसाचं पाणी आत उतरलं तरी ते कुजायला लागतात. मग एक दिवस काच खाली जात नाही, दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होत नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधण्याचेच शेकडो डॉलर जातात.

मिठाचं तर आम्हाला मिशिगनमध्ये शिकायला कुठे जावं लागत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या नळ्या आणि सबफ्रेम खाऊन टाकतं, आणि वरून रंग चकाचक दिसतो. जर्सीतही तेच. 'गाडी नुकतीच इन्स्पेक्शन पास झाली' असं विकणारा सांगेल. त्यावर जाऊ नकोस. न्यू जर्सीने २०१० पासून साध्या प्रवासी गाड्यांचे ब्रेक, सस्पेन्शन तपासणं बंद केलं. ते स्टिकर धुरापुरतं असतं.

आता तिन्ही गाड्यांबद्दल.

एस ५५० हवेवर तरंगते. एअरमॅटिक म्हणतात त्याला, स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या. त्या वयाप्रमाणे झिरपतात. हवा भरता भरता कॉम्प्रेसर जळतो आणि मग दोन्ही कामं अंगावर येतात. एका चाकाचा स्ट्रट डीलरकडे बदलायचा तर हजाराच्या वर जातात. सकाळी लवकर जा, रात्रभर उभी असलेली गाडी बघ. एक कोपरा खाली बसला असेल तर तुझं उत्तर मिळालं. त्या व्ही८ इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधला प्लास्टिकचा लिव्हर तुटतो, गिअरबॉक्सची आतली कंडक्टर प्लेटही जाते. दोन्हींची दुरुस्ती होते, पण झालेली असेल तर पावती बघायला माग. २००७ ची, म्हणजे त्या पिढीतली पहिली-पहिली गाडी कुणी दाखवली, तर इंजिन नंबर तपासल्याशिवाय हात लावू नकोस. त्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंगचं एक गिअर झिजायचं आणि तिथे पोचायला इंजिन बाहेर काढावं लागतं.

७५०एलआय माझ्या मते घेऊच नकोस. तिचं एन६३ इंजिन ताकदवान आहे, पण दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधे, व्हीच्या खोबणीत बसवले आहेत. सगळी उष्णता तिथेच कोंडते आणि आसपासचे होज, सील, वायर वाळून जातात. इंजिन ऑइल पितं. २०१४ च्या अखेरीस कंपनीने स्वतः या इंजिनासाठी 'कस्टमर केअर पॅकेज' नावाची मोहीम काढली, टायमिंग चेनपासून इंजेक्टरपर्यंत तपासून बदलायला घेतलं, आणि ऑइलबद्दलच्या दाव्यात पुढे समेटही केला. ती मोहीम २०१४ ची. त्यानंतरची वर्षं त्या गाडीने कशी काढली ते तुला कोण सांगणार?

एलएस ४३० दिसायला तिघींत साधी. पण तिचं ४.३ लिटरचं व्ही८ या वयातही विश्वासाचं आहे. तिच्यात मोठी तपासणी एकच, टायमिंग बेल्ट. ९०,००० मैलांना बदलायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलं. बेल्टबरोबर वॉटर पंपही बदलला असल्याची पावती हवी. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून किंमत कमी करून घे. लेक्ससच्या डीलरला व्हीआयएन दिला की त्यांच्याकडे झालेल्या सर्व्हिसच्या नोंदी बहुधा मिळतात, त्या आधी मागव. अल्ट्रा लक्झरी पॅकेजची असेल तर तिलाही हवेचं सस्पेन्शन आहे. साध्या स्प्रिंगची शोध.

चालवून बघताना गाडी थंड हवी. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर कुणीतरी काहीतरी लपवलं आहे. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. लागलाच नाही तो दिवा कुणी काढून ठेवलेला असू शकतो. पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट होतो का ते ऐक. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दाब आणि मागे कुणाला तरी उभं कर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग २८७ हायवेवर घेऊन जा, पासष्टला स्टिअरिंग थरथरतं का बघ, ब्रेक लाव. उन्हाळा असला तरी हीटर लाव. आतलं प्रत्येक बटण दाब. किल्ल्या दोन आहेत का ते विचार, मर्सिडीजची एक किल्ली करायलाच डीलर शेकड्यांत घेतो.

वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर घेऊन जा. १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीला तो लागतो. बिघाडाचे कोड नसतील, पण 'रेडिनेस मॉनिटर' अपुरे दाखवत असतील, तर आदल्या दिवशी कुणीतरी कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे.

एवढं करून गाडी आवडली तरी पैसे देऊ नकोस. मेकॅनिक तू निवड. त्याच कंपनीच्या गाड्या करणारा स्वतंत्र गॅरेजवाला बघ, दोन-तीनशे डॉलर घेईल. गाडी लिफ्टवर चढव म्हण, कंपनीच्या कॉम्प्युटरवर सगळे मॉड्यूल वाच म्हण, आणि काय-काय करावं लागेल ते किमतीसकट लिहून घे. आपल्या माणसांना हे दोनशे डॉलर जिवावर येतात. मंडळात ओळख झालेल्या माणसाची गाडी असली तर तपासायचं कसं म्हणून संकोच वाटतो. तो संकोच अजिबात करू नकोस. चांगल्या माणसाच्या गाडीचाही कॉम्प्रेसर जातो, आणि आधी तपासून घेतलं तर ओळख पुढेही टिकते. तपासणीला नाही म्हणणाऱ्याची गाडी मात्र तिथेच सोडून ये.

डीलरकडून घेतलीस तर काचेवर 'बायर्स गाइड' असतं, त्यावर 'ॲज इज' लिहिलेलं असेल तर गेटबाहेर पडल्यावर सगळं तुझं. न्यू जर्सीचा जुन्या गाड्यांचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, सात मॉडेल वर्षांच्या आतल्या आणि एक लाख मैलांखालच्या गाड्यांना आहे, तुझ्या एकाही गाडीला नाही. तीन दिवसांत परत करता येते हेही खोटं, गाडीला तसा नियम नाही. खासगी विकणारा असेल तर टायटलवरचं नाव आणि त्याच्या लायसन्सवरचं नाव एकच हवं. कर्ज बाकी नाही ना ते बघ, आणि पैसे बँकेतच बसून दे. विम्याचा आकडा आधी काढ. या गाड्यांना प्रीमियम गॅस लागतो आणि तुमच्याकडे तो भरणारा माणूसच भरतो, तेव्हा त्याला दर वेळी आधी सांगत जा.

माझं मत विचारशील तर लेक्सस, बेल्टच्या पावतीसकट. एस ५५० फारच मनात बसली असेल तर एकाच मालकाची, पावत्यांच्या फाइलवाली शोधायला आणखी तीन महिने थांब. शनिवारी मेकॅनिकचा कागद हातात आला की त्याचा फोटो मला पाठव, कितीही उशीर होऊ दे, मी जागा असेन. तोपर्यंत कुणालाही डिपॉझिट देऊ नकोस.

तुझा,
मामा